डाग आणि तंतू : कंबरदुखीच्या एका उपचाराची पूर्वपीठिका

कंबरदुखी हा विषय मराठीच्या अध्यापकाने हाती घ्यावा, याचे वाचकांना थोडे नवल वाटेल. हे कारण घरचेच आहे. माझ्या आईच्या कमरेवर डाव्या अंगाला रुपयाएवढे दोन डाग आहेत. पन्नासएक वर्षांपूर्वी घनसावंगी तालुक्यातल्या आमच्या गावी एका जाणत्या म्हाताऱ्याने तापवलेल्या विळ्याच्या टोकाने ते दिले. गेल्या वर्षी त्याच कमरेत, त्या डागांपासून चार बोटांच्या अंतरावर, छत्रपती संभाजीनगरच्या एका रुग्णालयात बारीक सुया घालून तिचे काही मज्जातंतू उष्णतेने निकामी करण्यात आले. या उपचाराला 'रेडिओफ्रिक्वेन्सी अब्लेशन' म्हणतात. सुई घालण्यापूर्वी तरुण डॉक्टरांनी ते जुने डाग पाहून विचारले, "आजी, हे कशाचे?" आई म्हणाली, "तुमी करनार तेच हाये. आधीच्या डाक्टरानं केलेलं."

डॉक्टर हसले, आम्हीही हसलो. पण ते वाक्य माझ्या डोक्यातून गेले नाही. खरोखरच या दोन गोष्टी एकच आहेत काय? आणि नसतील, तर त्यांच्यातला फरक नेमका कोठे आहे? उपचारानंतर सात-आठ महिन्यांनी आईची कंबर पुन्हा दुखू लागली आणि 'आणखी एकदा करून घ्यायचे का' हा प्रश्न घरात उभा राहिला, तेव्हा या प्रश्नांचा इतिहास धुंडाळणे मला भाग पडले. प्रस्तुत लेख हे त्याचेच फलित होय.

वेदनेवर अग्नीचा प्रयोग करणे ही कल्पना फार जुनी आहे. सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानातील बारावा अध्याय अग्निकर्माला वाहिलेला आहे. पिंपळी, शेळीच्या लेंड्या, गायीचा दात, बाणाचे टोक, धातूची शलाका, मध, गूळ, स्नेह अशी दहनाची साधने तेथे दिली आहेत आणि त्वचा, मांस, शिरा, स्नायू, सांधे, हाडे यांत वाताची तीव्र वेदना असेल तर डागावे, असे सांगितले आहे. अग्नीने दग्ध केलेला रोग पुन्हा उद्भवत नाही, असा या कर्माचा मोठेपणाही त्यात वर्णिला आहे. हा दावा वाचकांनी लक्षात ठेवावा, कारण त्याच्याकडे आपल्याला पुन्हा यायचे आहे. कमरेतून निघून पायात उतरणाऱ्या दुखण्याला आयुर्वेदात 'गृध्रसी' म्हणतात. चरकाने तिच्यावर शिरावेध, बस्ती आणि अग्निकर्म हे उपाय सांगितले आहेत.

ही केवळ भारतीय कल्पना नव्हे. ग्रीसमध्ये हिपोक्रॅटिसच्या नावावर असलेल्या सूत्रांमध्ये खुब्याच्या जुनाट दुखण्यात डागण्याचा सल्ला आहे. इसवी सन १००० च्या सुमारास कोर्दोबा येथे अल्-झहरावी याने रचलेल्या वैद्यकग्रंथात डागण्याच्या विद्येवर स्वतंत्र विवेचन आहे आणि पाठीच्या व खुब्याच्या दुखण्यांचाही त्यात समावेश आहे. आपला मराठवाडा १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होता. वैद्य आणि हकीम येथे शेजारी शेजारी नांदले. फारसीतल्या 'दाग' या शब्दाचा अर्थही जाळून उठवलेली खूण असाच आहे. आमच्या गावच्या म्हाताऱ्याने ना सुश्रुत वाचला होता ना अल्-झहरावी. पण दोन्हीकडून झिरपत आलेले काहीतरी त्याच्या विळ्याच्या टोकावर होते, एवढे निश्चित.

लोकव्यवहारात आणखीही उपाय होते. वैदू तुंबडी लावीत. बिब्ब्याचा चटका देत. कमरेत उसण भरली की पायाळू माणसाला बोलावून त्याचा पाय पाठीला लावून घेत. लहानपणी आमच्या आळीतील एका पायाळू मुलाला पहाटे पहाटे झोपेतून उठवून नेत, हे मी पाहिले आहे. उसण जात असे, हेही पाहिले आहे. उसण ही बहुतेक वेळा चार-आठ दिवसांत आपली आपण जाणारी गोष्ट आहे, हे कळायला पुढे बरीच वर्षे लागली.

येथे भाषेचा एक मुद्दा नोंदवणे आवश्यक वाटते. मराठीत दुखण्याला शब्द उदंड आहेत : कळ, चमक, सणक, ठणका, उसण, लचक, शूळ, ओढ, रग. यांतला एकही दुसऱ्याच्या जागी चालत नाही. परंतु ज्या वाटेने दुखणे कळते, तिच्यासाठी आपल्या बोलण्यात वेगळा शब्द नव्हता. 'शीर' आणि 'नस' हे शब्द रक्तवाहिनीलाही चालत आणि कंडरेलाही. 'मज्जातंतू' हा शब्द पाश्चात्त्य शरीरशास्त्र मराठीत आणताना रूढ झाला आणि तो पुस्तकातच राहिला. रुग्ण आजही 'नस दबली' असेच म्हणतो. उलट 'वेदना' हा शब्द पाहावा. 'विद्' म्हणजे जाणणे या धातूपासून तो आला आणि बौद्ध विचारात सुखद, दुःखद व तटस्थ अशा तिन्ही प्रकारच्या अनुभवांना वेदना म्हटले आहे. म्हणजे मुळात हा शब्द जखमेचा नसून जाणिवेचा आहे.

युरोपात नेमकी उलट वाटचाल झाली. तेथे आधी वाट सापडली आणि जाणीव मागे पडली. देकार्तच्या मृत्यूनंतर १६६० च्या दशकात प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात एक प्रसिद्ध आकृती आहे. एका मुलाचा पाय विस्तवाजवळ आहे आणि पायापासून मेंदूपर्यंत एक तंतू गेला आहे. खाली दोरी ओढली की वर घंटा वाजावी, तशी वेदना मेंदूत पोहोचते, असा त्याचा खुलासा होता. या चित्रात एक मोह दडलेला आहे. दोरी कापली की घंटा वाजणार नाही! पुढच्या काळातील वेदनेवरच्या शस्त्रक्रियेचा बराच इतिहास हा या मोहाचा इतिहास आहे. १८८९ च्या सुमारास न्यूयॉर्कमध्ये ॲबे आणि लंडनमध्ये बेनेट यांनी मज्जारज्जूत शिरणारी संवेदी मुळे कापून वेदना थांबवण्याचा प्रयत्न केला. १९१२ च्या आसपास अमेरिकेत स्पिलर आणि मार्टिन यांनी मज्जारज्जूतील वेदनावाहक भागच छेदला. काही रुग्णांना आराम पडला. काहींची वेदना परतली. अमेरिकन यादवी युद्धातील जखमींवर उपचार करणाऱ्या वेअर मिचेल याने तर त्याआधीच नोंदवले होते की, कापून टाकलेला, अस्तित्वातच नसलेला पायही दुखतो. दोरी नाही, घंटेला ओढणारे कोणी नाही, तरी घंटा वाजते आहे!

कंबरदुखीचा स्वतंत्र शोध विसाव्या शतकातला. १९११ मध्ये बोस्टनचे गोल्डथ्वेट यांनी मणक्यांच्या मागील बाजूस असलेल्या छोट्या सांध्यांकडे बोट दाखवले. १९३३ मध्ये घोर्मली यांनी या सांध्यांच्या दुखण्याला 'फॅसेट सिंड्रोम' असे नाव दिले. पण लगेच पुढच्याच वर्षी मिक्स्टर आणि बार यांनी दोन मणक्यांमधली गादी सरकून नस दबते, हे दाखवून दिले आणि सारे लक्ष गादीकडे वळले. छोटे सांधे जवळजवळ चाळीस वर्षे विस्मरणात गेले.

१९७१ मध्ये ऑस्ट्रेलियातील डॉ. स्कर्म रीस यांनी ते पुन्हा प्रकाशात आणले. पाठीच्या त्वचेतून लांब, अरुंद सुरी आत घालून या सांध्यांना जाणारे तंतू आपण कापतो, असे त्यांनी जाहीर केले आणि जवळजवळ शंभर टक्के यशाचा दावा केला. रुग्णांची रीघ लागली. अमेरिकेतील नॉर्मन शिली यांनी ही पद्धत वापरून पाहिली. पण सुरीने रक्तस्राव होतो, हे पाहून त्यांनी सुरीच्या जागी विद्युत्-अग्रावर चालणारी सुई आणली. अतिजलद उलटसुलट होणाऱ्या प्रवाहाने सुईच्या टोकाभोवतीच्या पेशी तापतात आणि तंतू जळतो. १९७० च्या दशकाच्या मध्यास त्यांनी आपले अनुभव प्रसिद्ध केले. आज आईवर झालेल्या उपचाराचा हा थेट पूर्वज.

यानंतरचा भाग या इतिहासातला मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. ऑस्ट्रेलियातीलच निकोलाय बोगडुक या शरीररचनाशास्त्रज्ञाने मृतदेहांवर विच्छेदन करून एक साधा प्रश्न विचारला : ही सुरी ज्या तंतूला कापते असे म्हणतात, तेथे ती पोहोचते तरी काय? १९७७ ते १९८० या काळात त्याने व त्याच्या सहकाऱ्यांनी उत्तर दिले. रीस यांची सुरी त्या तंतूपर्यंत पोहोचतच नव्हती, ती फक्त पाठीचे स्नायू कापत होती. शिली यांची सुई ज्या जागी टेकवली जाई, तेथेही तो तंतू नव्हता. खरा तंतू मणक्याच्या आडव्या फाट्याच्या मुळाशी, हाडाला चिकटून जातो. त्याचे नाव 'मीडियल ब्रँच'. प्रत्येक सांध्याला अशा दोन तंतूंच्या शाखा मिळतात.

आता प्रश्न असा की, तंतू कापला गेलाच नव्हता, तर ते शेकडो रुग्ण बरे कशाने झाले? काही कंबरा काळाच्या ओघात आपोआप बऱ्या झाल्या असतील. काहींना कोणीतरी आपले दुखणे मनावर घेतले, याचाच आराम पडला असेल. काही जण डॉक्टरांसमोर 'बरे वाटते' असे भिडेपोटी म्हणाले असतील. आमच्या आळीतला पायाळू मुलगा मला येथे पुन्हा आठवतो. सिडनीची सुरी आणि जालना जिल्ह्यातल्या एका पोराचे पाऊल यांत त्या मर्यादेपर्यंत काही फरक नव्हता, असे म्हटले तर ती अतिशयोक्ती ठरू नये. फरक पडला तो पुढे. कोणीतरी मेलेल्या माणसाची पाठ उघडून 'सुरी पोहोचते का' हे पाहिले आणि न पोहोचण्याची बातमी लपवून न ठेवता छापली.

बोगडुकच्या शोधानंतर तंत्र बदलले. आधी संशयित तंतूपाशी भूल देणारे औषध टोचून पाहायचे. दुखणे तेवढ्यापुरते थांबले तरच पुढे जायचे. क्ष-किरणांच्या पडद्यावर पाहत सुई तंतूला समांतर ठेवायची. थोडा प्रवाह सोडून पाय हलत नाही ना, याची खात्री करायची. मग साधारण ८० अंश सेल्सिअस तापमान साठ ते नव्वद सेकंद ठेवायचे. आईच्या बाबतीत हे सारे याच क्रमाने झाले. परंतु सुश्रुताचा 'पुन्हा न उद्भवण्याचा' दावा येथे लागू पडत नाही, आणि त्याचे कारण शरीरातच आहे. या तंतूच्या पेशीचे मूळ मणक्याजवळच्या गाठीत सुरक्षित राहते. जळतो तो तिचा लांब धागा. तो हळूहळू पुन्हा वाढतो. म्हणून आराम पडलाच तर तो बहुधा सहा महिने ते वर्षभर टिकतो. आईची कंबर सात-आठ महिन्यांनी दुखू लागली, यात कोणाची चूक नव्हती. तंतू आपले काम करीत होता.

आणि आराम पडतो तरी किती जणांना? येथे विद्वानांत एकमत नाही. १९९९ मध्ये नेदरलँड्समध्ये व्हान क्लीफ यांनी ३१ रुग्णांवर प्रयोग केला. काहींना खरा उपचार दिला, काहींना सुई घालून प्रवाह मात्र सोडला नाही. खऱ्या उपचाराचा गट सरस ठरला. २००० मध्ये ड्रायफस यांनी अत्यंत काटेकोरपणे निवडलेल्या १५ रुग्णांत चांगले परिणाम नोंदवले. मात्र २०१७ मध्ये नेदरलँड्समध्येच ६८१ रुग्णांवर केलेल्या तीन चाचण्यांचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. व्यायामाच्या जोडीला हा उपचार दिल्याने दखल घ्यावी असा जादा फायदा झाला नाही, असे त्यांत आढळले. रुग्णांची निवड सैल होती, असा आक्षेप वेदनातज्ज्ञांनी घेतला. फेब्रुवारी २०२५ मध्ये 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'ने प्रसिद्ध केलेल्या मार्गदर्शक शिफारशींत पाठीच्या जुनाट दुखण्यावरील अशा सुयांच्या उपचारांविरुद्ध ठाम मत दिले गेले. त्यावरही वेदनातज्ज्ञांच्या संघटनांनी हरकती नोंदवल्या. दरम्यान २०१६ पासून अमेरिकेत मणक्याच्या आतील दुसरा एक तंतू जाळण्याच्या यंत्रणेस मान्यता मिळाली आहे. वाद चालू आहे. सामान्य माणसाने यातून एवढेच घ्यावे की, नीट निवडलेल्या काहींना काही काळ आराम, याहून मोठे वचन या उपचाराला देता येत नाही.

वेदनेचे शास्त्रही या अवधीत देकार्तच्या दोरीपासून दूर सरकले. १९६५ मध्ये मेल्झॅक आणि वॉल यांनी मज्जारज्जूत वेदनेचे एक 'दार' असते आणि मेंदूकडून येणारे संदेशही ते कमी-अधिक उघडतात, असा सिद्धान्त मांडला. मेल्झॅक यांनीच १९७५ मध्ये रुग्ण वापरतात त्या वेदनेच्या शब्दांची ७८ शब्दांची प्रश्नावली तयार केली. शब्दांचा धंदा करणाऱ्या आम्हा लोकांना यात आनंद वाटावा! कळ आणि ठणका यांतला भेद अखेर दवाखान्यात मोजला जाऊ लागला. १९७९ मध्ये आंतरराष्ट्रीय संघटनेने वेदनेची व्याख्या केली, तीत शरीराच्या संवेदनेबरोबर मनाच्या अनुभवालाही स्थान दिले. 'वेदना' या शब्दाच्या धातूने ते आधीच सांगून ठेवले होते.

हे वाचीत असताना माझ्याच तालुक्यातल्या एका ग्रंथकर्त्याची आठवण होणे अपरिहार्य होते. समर्थ रामदासांचा जन्म १६०८ मध्ये जांब येथे झाला. ते गाव आज घनसावंगी तालुक्यात आहे. दासबोधाच्या तिसऱ्या दशकात त्रिविध तापांचे समास आहेत. देह, इंद्रिये आणि प्राण यांच्या योगाने होणारे दुःख तो आध्यात्मिक ताप, अशी समर्थांची मांडणी आहे आणि त्यात त्यांनी खरूज, नारू, देवी यांपासून शूळांपर्यंत रोगांची लांबलचक यादी दिली आहे. बाहेरील भूतमात्रांच्या संयोगाने होणारे दुःख तो आधिभौतिक ताप. त्यात ठेचा, काटे, दंश, मार, राजदंड असे सारे येते. या विभागणीने मला एकदम थांबवले. आईची कंबरदुखी कोणत्या तापात घालायची?

रुग्णालयातल्या कागदावर ती निःसंशय आध्यात्मिक होती : अमुक मणका, अमुक सांधा, झीज. त्या कागदावर जे नव्हते ते असे. आईने बावीस हंगाम ऊस तोडला. दिवाळीच्या सुमारास मुकादमाकडून उचल घ्यायची, बैलगाडीने किंवा ट्रकने पश्चिमेकडच्या कारखान्यावर जायचे, कोपी उभारायची आणि चैत्रापर्यंत फडात राहायचे. नवराबायको मिळून एक 'कोयता'. वाकून तोडायचे, मोळी बांधायची, डोक्यावर घेऊन फळीवरून गाडीवर चढायचे. एक दिवस चुकला तर खाडा, म्हणजे मजुरी तर नाहीच, वर दंड. मराठीत आगाऊ घेतलेल्या पैशाला आणि वजन पेलण्याला एकच शब्द आहे, 'उचल'. या भाषिक योगायोगात आईचे सारे तरुणपण आहे. कमरेवरचे ते दोन डाग असेच एका हंगामाच्या तोंडावर दिलेले होते. उचल घेऊन झाली होती आणि कंबर धरली होती. जाणे तर भागच होते.

शरीराचा भाग काढून श्रमाचे दुखणे मिटवण्याचा याहून भयंकर प्रकार आपल्या शेजारी घडून गेला आहे. बीड जिल्ह्यातील ऊसतोड स्त्रियांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांचा प्रश्न २०१९ मध्ये ऐरणीवर आला, तेव्हा राज्य सरकारने समिती नेमली. पाहणी झालेल्या ८२ हजारांहून अधिक स्त्रियांपैकी १३ हजारांहून अधिक जणींचे गर्भाशय काढलेले आढळले. त्यांतल्या कित्येकींचे मूळ गाऱ्हाणे अंगावरून जाणे, ओटीपोट आणि कंबर दुखणे हे होते. खाडा पडू नये म्हणून अवयवच काढावा, हा विचार एकट्या रुग्णाचा नसतो. तो तिच्याभोवतीच्या साऱ्या व्यवहाराचा असतो.

एका तंतूच्या उपचाराची या शस्त्रक्रियांशी तुलना करणे अन्यायाचे होईल. तंतू परत वाढतो, गर्भाशय वाढत नाही. निष्णात हातात हा उपचार सुरक्षितही आहे. पण दोन्हीकडे एक धोका सारखाच आहे. दुखणे एका बिंदूवर दाखवता आले की ते तेथेच जन्मले, असे आपण समजू लागतो. २०२० मध्ये जगात सुमारे ६१ कोटी ९० लाख लोकांना कंबरदुखी होती, असा अंदाज आहे. जागतिक आरोग्य संघटनेने डिसेंबर २०२३ मध्ये जुनाट कंबरदुखीविषयी मार्गदर्शन प्रसिद्ध केले, त्यात भर आहे तो समजावून सांगणे, व्यायाम आणि मनाचा आधार यांवर. जालन्यातल्या लोखंडाच्या कारखान्यातला मजूर, बियाण्यांच्या प्लॉटवर दिवसभर वाकून कपाशीच्या फुलांचे संकरण करणारी बाई आणि फडातला कोयता यांना हा सल्ला कोण आणि केव्हा देणार, हा प्रश्न राहतोच. जालन्यात २०२४ मध्ये शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले आहे. तेथे शिकणारी मुले रुग्णाला 'कुठे दुखते' याबरोबर 'काय उचलता' हेही विचारतील, अशी आशा करायला हरकत नाही.

आता आईच्या मूळ वाक्याकडे. विळ्याचा डाग आणि सुईची उष्णता एकच आहेत काय? अग्नी एकच आहे, आशाही एकच आहे. म्हाताऱ्याला मात्र आपला डाग लागू पडला की नाही, हे मोजायची गरज कधी वाटली नाही. सुईच्या बाजूने आणि विरुद्ध मोजणारी माणसे आहेत, आणि ती आपापसांत भांडतात. मला त्या भांडणाचाच भरवसा वाटतो.

परवा डॉक्टरांनी हे सारे नीट समजावून सांगितले : पुन्हा केले तर पुन्हा काही महिने आराम मिळू शकेल, त्या महिन्यांत पाठीच्या व्यायामाने जेवढे बळ येईल तेवढेच पदरात पडेल. मागच्या वेळी त्या सात महिन्यांत आईने व्यायाम केला नव्हता. तिने घराचे अंगण सारवले, धुणे धुतले, आणि नातवाला कडेवर घेऊन सारा गाव फिरवून आणला. मी रागावलो तेव्हा ती म्हणाली, "दुखत न्हवतं तवर करून घेतलं रं."

आराम म्हणजे कामाला मोकळीक, हा हिशेब तिच्या अंगात बावीस हंगामांनी मुरवलेला आहे. तो कोणत्याही सुईच्या टप्प्यात येत नाही. निर्णय आम्ही तिच्यावरच सोडला आहे. तिने अद्याप हो किंवा नाही म्हटलेले नाही. काल संध्याकाळी मात्र ओसरीवर बसून कमरेवरून हात फिरवीत तिने मला विचारले, "मोळी टाकून इतके वर्स झाले, आन् कंबर आजून काय उचलायली रं?"

याचे उत्तर माझ्याजवळ नव्हते. मी तिच्याशेजारी बसलो आणि डॉक्टरांनी दाखवलेला पहिला व्यायाम तिला पुन्हा करून दाखवला.